काय सोडलं आणि किती घेतलं: हृदयाच्या सवयींचा थोडा इतिहास



एखाद्या घरी अचानक हृदयविकाराने माणूस गेलं, की सांत्वनाला जमलेल्या बायकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आयुष्यात कधी अभक्ष्य तोंडात घातलं नाही हो त्यांनी, मग असं कसं झालं?" गेल्या काही वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा कानावर आलं, की त्याचं उत्तर शोधावंसं वाटलं. हृदयाच्या आजाराचा इतिहास आणि आपले श्रावकाचार शेजारी शेजारी ठेवून वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर मांडते आहे.

आपल्या आचार्यांनी आहाराबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारले आहेत. एक, काय खायचं नाही. दोन, जे खायला चालतं ते किती खायचं. पहिला भक्ष्याभक्ष्याचा विचार. दुसरा परिमाणाचा. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण हे गुणव्रत म्हणून सांगितलं. तत्त्वार्थसूत्रात सहा बाह्य तपं आहेत. त्यांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येतं, म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणं. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास आणि स्त्रीचा अठ्ठावीस, त्यातून एक घास जरी कमी केला तरी ते अवमौदर्य झालं, असा बारकावा आपल्याकडे आहे. त्यापुढे रसपरित्याग येतो.

पहिला प्रश्न आपण जिवापाड जपला. कंदमूळ नाही, रात्रीचं जेवण नाही, पाणी गाळल्याशिवाय नाही. दुसरा प्रश्न मात्र हळूहळू घरातून निघून गेला. आणि हृदयाच्या बाबतीत गेल्या शंभर वर्षांत डॉक्टरांना जे कळलं, ते बहुतेक या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मीठ किती, तूप-तेल किती, चालणं किती.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. आपली व्रतं ही औषधं नव्हेत. ती अहिंसेसाठी आणि कर्मनिर्जरेसाठी आहेत, रक्तदाब उतरावा म्हणून नाहीत. "बघा, आमच्या शास्त्रात सगळं आधीच लिहिलं होतं" असं म्हणायला मी बसलेली नाही. उलट, आपण जे पाळतो ते अर्धंच पाळतो का, हे बघायचं आहे.

एका अध्यक्षाचा रक्तदाब

आज घराघरात बीपीचं यंत्र आहे. पण वाढलेला रक्तदाब वाईट, हे डॉक्टरांनाही फार उशिरा पटलं. वय वाढलं की तो वाढायचाच, असं बरेच जण मानत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट एप्रिल १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. वय ६३. शेवटच्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० मोजला गेला होता. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाजवळ डॉक्टर होते, पण रक्तदाब उतरवायला हाताशी चांगलं औषध नव्हतं.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात एक काम सुरू झालं. ३० ते ६२ वर्षांची ५,२०९ माणसं निवडली. ती आजारी नव्हती. ठरावीक काळाने त्यांना तपासायचं आणि पुढे कोणाला हृदयविकार होतो ते बघायचं, एवढीच कल्पना. यातल्या निम्म्याहून जास्त बायका होत्या. १९६१ पर्यंत तिथले डॉक्टर ठामपणे सांगू लागले की वाढलेला रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल ही पुढच्या आजाराची आगाऊ खूण असते. सिगारेटचं नाव त्याच सुमारास पुढे आलं. आपल्या बायका सिगारेट ओढत नाहीत हे खरं. पण खेड्यापाड्यात दातांना मिश्री लावणाऱ्या आज्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

फ्रेमिंगहॅमने शिकवलेली मोठी गोष्ट ही, की हृदयविकार एका दिवशी येत नाही. तो वीस-तीस वर्षं रोजच्या ताटात आणि रोजच्या दिनक्रमात तयार होत असतो.

रविवारचं मीठ

आपल्याकडे वारानुसार एकेक रस सोडण्याचा नियम आहे. रविवारी मीठ, सोमवारी हिरवं, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही, शनिवारी तेल. सगळ्या घरांत सगळे वार पाळले जातात असं नाही, पण रविवारी अळणी जेवणारी एखादी सासूबाई किंवा आत्याबाई बहुतेक घरांत असायची. मिठाला आपल्याकडे रस मानलं आहे आणि रस सोडणं हे तप आहे.

आता अमेरिकेतली गोष्ट ऐका. वॉल्टर केंपनर नावाचे डॉक्टर जर्मनीतून ज्यू म्हणून बाहेर पडून ड्यूक विद्यापीठात आले होते. १९३९ च्या सुमारास त्यांनी रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या गंभीर रोग्यांना एक पथ्य दिलं. रोज अडीचशे-तीनशे ग्रॅम तांदूळ, फळं, फळांचा रस आणि साखर. मीठ नाही, तूप-तेल जवळजवळ नाही. रक्तदाबावर धड औषध नसलेल्या त्या काळात अनेकांचा रक्तदाब या पथ्याने उतरला, काहींचं मोठं झालेलं हृदय एक्स-रेमध्ये लहान झालेलं दिसलं. १९४८ मध्ये त्यांनी ५०० रोग्यांचा अहवाल छापला. पथ्य फार कडक होतं, फार थोड्यांना झेपायचं, आणि औषधं आल्यावर ते मागे पडलं. पण आहार बदलला की रक्तदाब उतरू शकतो, हे त्याने दाखवून दिलं.

पुढे १९८८ मध्ये ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांवर लोकांचा एक अभ्यास छापून आला. त्यात आपल्या दिल्लीचे आणि लडाखचे लोकही होते. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक जवळजवळ मीठ खातच नाहीत. त्यांच्यात वय वाढलं तरी रक्तदाब वाढत नव्हता. म्हणजे म्हातारपणी बीपी वाढायचंच, हा काही निसर्गाचा नियम नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला मोठ्या माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळं आलं.

आता आपलं ताट बघू. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं बंद, मग ताटात काय येतं? पापड, सांडगे, कुरडया, ताकातल्या वाळवलेल्या मिरच्या, लोणचं, शेव. यातला एकही पदार्थ अभक्ष्य नाही, पण मीठ सगळ्यांत आहे. शिवाय पापडात नुसतं मीठ नसतं, पापडखारही असतो. भज्यांत, ढोकळ्यात खाण्याचा सोडा असतो. हे दोन्ही सोडियमचेच क्षार, म्हणून रक्तदाबाच्या हिशेबात त्यांचीही मोजणी होते. आणि सैंधव मीठ शुद्ध मानून कितीही वापरलं तरी चालतं, अशी आपल्यात समजूत आहे. सैंधवही मुख्यत्वे तेच मीठ आहे. चमचा तोच, हिशेबही तोच.

रविवारी मीठ सोडायचं आणि सोमवारी दोन पापड जास्त घ्यायचे, असं झालं तर परिमाण कुठे राहिलं?

पिवळ्या डब्याची गोष्ट

आपल्या आया-सासवांच्या पिढीत स्वयंपाकघरात एक पिवळा डबा असायचा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. रिकामा झाल्यावर त्यात डाळ भरायची, नाहीतर तुळस लावायची. डालडा.

तेलाचं तूप करायची युक्ती युरोपातली. पातळ तेलात निकेल धातूच्या सान्निध्यात दाबाखाली हायड्रोजन वायू सोडला की ते घट्ट होतं. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ज्या संशोधनावर ही रीत उभी होती त्याबद्दल फ्रान्सच्या पॉल साबातिए यांना १९१२ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे लिव्हर कंपनीने १९३१ मध्ये हिंदुस्तान वनस्पती कंपनी काढली आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आणला. दिसायला तुपासारखा, किमतीला स्वस्त. साजूक तुपात त्याची भेसळ होऊ लागली, म्हणून सरकारने वनस्पती तुपात ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाचं तेल साध्या चाचणीत ओळखू येतं, त्यामुळे भेसळ पकडता येत असे.

आपल्या घरांत तो आला, कारण तो वनस्पतीजन्य होता. शंकरपाळी खुसखुशीत होत, लाडू घट्ट वळले जात, बालुशाहीला पापुद्रे सुटत. लग्नाच्या पंगतीत साजूक तूप परवडत नसे. भक्ष्याभक्ष्याच्या प्रश्नाला डालडा उत्तीर्ण झाला आणि आपण पुढे काही विचारलं नाही.

१९८३ मध्ये मात्र देशभर गदारोळ झाला. परदेशातून आलेली जनावरांची चरबी वनस्पती तुपात मिसळली जाते, असं उघडकीला आलं. आपल्यासारख्या घरांना हा केवढा धक्का असेल, ते वेगळं सांगायला नको. चरबी मिसळली म्हणजे अभक्ष्य, म्हणजे डबा घराबाहेर. तो राग रास्तच होता.

पण ज्या डब्यात चरबी नव्हती, त्यातही एक दोष होता. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतात. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि कातान या दोन संशोधकांनी दाखवलं, की हे ट्रान्स फॅट रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि वर चांगलं कोलेस्टेरॉल कमी करतात. २००३ मध्ये डेन्मार्कने त्यावर कायद्याने मर्यादा घातली. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातलं ट्रान्स फॅटचं प्रमाण २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणलं. म्हणजे १९३७ पासून मोजलं तर पंच्याऐंशी वर्षं लागली.

मला इथे आपल्या पिठाच्या मर्यादेची आठवण होते. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यानंतर ते पीठ चालत नाही. वनस्पती तुपाचा मोठा गुण म्हणून जे सांगितलं जाई, ते याच्या अगदी उलट होतं. ते महिनोन् महिने टिकतं, खवट होत नाही. म्हणूनच बिस्किटं, खारी, नानकटाई, फरसाण यांच्या धंद्याला ते इतकं सोयीचं पडलं. ज्या घरात पिठाची मर्यादा पाळली जाते, त्याच घरात महिनाभर टिकणारी फरसाणाची पाकिटं आणि टोस्ट कसे येतात, हा प्रश्न मी स्वतःला आणि तुम्हालाही विचारते.

डालडा गेला म्हणून साजूक तूप कितीही चालतं, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. वरणभातावर चमचाभर तूप वेगळं आणि प्रत्येक चपातीला, भाताला, शिऱ्याला तूप वेगळं. तेच तेल तिसऱ्यांदा तापवून पुऱ्या तळणंही बरं नव्हे. तूप आणि तेल या दोघांना आपल्या आचार्यांनी रसांत धरलं आहे. रसाचा त्याग करता येतो, तसं त्याचं मोजमापही करता येतं.

कंडक्टर आणि विंध्यगिरी

आता लंडनला जाऊ. तिथे लाल दुमजली बस चालत. चालक दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटं फाडत वर-खाली फिरणारा. दोघे एकाच संस्थेत नोकरीला, साधारण एकाच परिस्थितीतले. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी त्यांच्या आजारांची नोंद ताडून पाहिली. १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या साप्ताहिकात निष्कर्ष छापून आला. चालकांच्या मानाने कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी लगेच मरण येण्याचं प्रमाण कमी होतं. टपाल वाटणारे आणि टपाल कचेरीत बसून काम करणारे, यांच्यातही तसाच फरक दिसला.

कंडक्टर कामाच्या दिवशी साधारण ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. हा आकडा वाचला आणि मला श्रवणबेळगोळ आठवलं. गोमटेश्वराच्या दर्शनाला विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत. म्हणजे तो लंडनचा कंडक्टर रोज एकदा विंध्यगिरी चढत होता म्हणायचा. आपण वर्षा-दोन वर्षांतून एकदा चढतो, निम्म्यावर धाप लागते, आणि आता डोली कुठे मिळते ते विचारतो. सम्मेदशिखरजीची वंदना २७ किलोमीटरची. तिथे गेल्यावर पाय दुखतात ते डोंगरामुळे कमी, आधीच्या अकरा महिन्यांच्या बसण्यामुळे जास्त.

आपल्या आज्यांना व्यायाम हा शब्द माहीत नव्हता. विहिरीचं पाणी ओढायचं, ते गाळायचं, जीवाणी परत विहिरीत सोडायची, जात्यावर दळायचं, पाट्यावर वाटायचं, अनवाणी बस्तीला जायचं. मग पिठाची गिरणी आली, नळ आला, मिक्सर आला, स्कूटी आली. हे सगळं आलं ते बरंच झालं. त्या कष्टांनी कितीतरी बायकांच्या कंबरा मोडल्या, हे विसरून चालणार नाही. फक्त कष्ट गेले त्याबरोबर चालणंही गेलं, आणि ते वेगळं परत आणावं लागणार आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा भराभर चालावं, असं आता जगभर सांगितलं जातं. रोजचा अर्धा तास धरला तर पाच दिवस. सामायिकाला आपण ४८ मिनिटं काढतो. सामायिक मन स्थिर करण्यासाठी, त्याची बरोबरी चालण्याशी नाही. पण ज्या घरात सामायिकासाठी ४८ मिनिटं निघतात, तिथे पायांसाठी तीस मिनिटं निघत नाहीत असं कसं म्हणायचं?

चुलीचा धूर

जुनं ते सगळं सोनं नव्हतं, याचा एक भारतीय दाखला आहे. डॉ. एस. पद्मावती या भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ मानल्या जातात. १९१७ मध्ये ब्रह्मदेशात जन्म, पुढे सगळं काम दिल्लीत. १९६२ मध्ये त्यांनी ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन स्थापन केलं आणि २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी त्या गेल्या.

१९५९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दिल्लीतल्या एका हृदयविकाराबद्दल लिहिलं. फुप्फुसं खराब झाली की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि ती थकते. परदेशात हा आजार मुख्यतः पुरुषांचा. इथे तो बायकांत, आणि तोही लहान वयात दिसत होता. या बायका सिगारेट ओढणाऱ्या नव्हत्या. कोंदट स्वयंपाकघरात शेण्या आणि लाकडं जाळून त्या वर्षानुवर्षं स्वयंपाक करत होत्या. धूर त्यांच्या छातीत जात होता, आणि घराच्या लेखी ते नुसतं रांधणं होतं.

हे वाचल्यावर मला फार वेळ दुसरं काही सुचलं नाही. घरच्यांना गरम जेवू घालता घालता स्वतःचं हृदय खर्ची पडत होतं, आणि एका बाई डॉक्टरने ते पाहीपर्यंत त्याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नव्हतं.

नवऱ्याचं हृदय आणि आपलं

अमेरिकेत तरी वेगळं होतं का? १९६४ मध्ये तिथल्या हार्ट असोसिएशनने ऑरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात बायकांसाठी हृदयविकारावर पहिली परिषद भरवली. तिचं नाव काय, तर 'हृदयं आणि पती'. म्हणजे बायकांना बोलावलं ते नवऱ्याचं हृदय कसं सांभाळायचं हे शिकवायला. फ्रेमिंगहॅममध्ये सोळा वर्षं हजारो बायकांची तपासणी चालली होती, तरीही.

आपल्या घरात डोकावलं तर काय दिसतं? मामंजींचं जेवण अळणी, ह्यांना तेल कमी, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा बाईच्या तोंडपाठ. आणि तिचा स्वतःचा रक्तदाब कधी मोजला, तर शेवटच्या बाळंतपणात.

२००४ मध्ये ५२ देशांतल्या सुमारे तीस हजार लोकांचा एक मोठा अभ्यास छापून आला. पहिल्यांदा हृदयविकाराचा झटका येण्यामागची कारणं त्यात शोधली होती. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, दारू आणि चालण्याफिरण्याचा अभाव, अशा नऊ गोष्टी निघाल्या. बायकांच्या बाबतीत ९४ टक्के धोका या नवांतून येतो असं दिसलं. त्याच अभ्यासातून पुढे हेही कळलं, की आपल्या भारतीय उपखंडात पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९ व्या. सहा वर्षं आधी. शाकाहाराने यातल्या काही गोष्टींना आळा बसतो, नऊच्या नऊ गोष्टींना नाही.

माझ्या एका काकूंना अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पाठीत आणि जबड्यात दुखायला लागलं. मळमळ, घाम. उपवासाचं पित्त असेल म्हणून ओवा खाल्ला, पडून राहिल्या, घरात पाहुणे म्हणून कोणाला उठवलं नाही. सकाळपर्यंत उशीर झाला होता. छातीत दुखणं हे बायकांतही नेहमीचं लक्षण आहे, पण त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी धाप, मळमळ, घाम, जबडा-पाठ-खांदा दुखणं, कधी नुसता विलक्षण थकवाही येऊ शकतो. पाळी गेल्यानंतर आपला धोका वाढतो. असं काही झालं तर ओवा-लिंबू करत बसू नका. घरच्यांना उठवा, १०८ ला फोन लावा.

परत परिमाणाकडे

मग करायचं काय? नवीन नियम मी सांगत नाही, जुनाच अर्धा राहिलेला नियम पूर्ण करू.

महिन्याला घरात किती मीठ, किती तेल, किती तूप येतं ते एकदा वहीत लिहा आणि माणसांवर भागा. आकडा बघून पुढचं आपोआप सुचेल. तिथीच्या दिवशी पापड-सांडग्यांऐवजी वरण, मुगाची किंवा मटकीची शिजवलेली उसळ, भाकरी असं ताट होऊ शकतं. तिथी नसेल त्या दिवशी भाजी आणि फळं पोटभर घ्या, कारण आपल्या पंचांगात हिरव्याचे दिवस आधीच कमी आहेत. संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवण होतं ही फार चांगली सवय. मात्र साडेपाचच्या गडबडीत दोन वेळचं एकदम जेवून घ्यायचं, असं होऊ देऊ नका. तिथेच अठ्ठावीस घासांचा हिशेब आठवा. जेवणानंतर दिवेलागणीपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात चालून या. पंगतीत "अजून एक घ्या हो" हा आग्रह थोडा कमी करूया, आणि आपल्याला झालेला मोडताही येऊ दे.

चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. ह्यांच्याबरोबर दवाखान्यात जाताच ना, त्याच खुर्चीवर एकदा आपणही बसायचं.

आणि दसलक्षणाबद्दल एक विनंती. ज्यांना बीपीच्या, साखरेच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी उपवास धरण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. निर्जळी उपवासात गोळ्या परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं. सोळाकारण व्रतात आपण ज्या सोळा भावना म्हणतो, त्यांत शक्तितस्त्याग आहे आणि शक्तितस्तप आहे. शक्ती असेल तसा त्याग, शक्ती असेल तसं तप. एकाशन झालं नाही तर अवमौदर्य होईल, एक रस सुटेल. तेही तपच आहे, सहा बाह्य तपांत त्याला स्वतःचं नाव आहे.

सांत्वनाच्या घरातल्या त्या प्रश्नाला आता माझ्याजवळ उत्तर आहे. अभक्ष्य टाळलं हे खरंच मोठं काम होतं, पण ताटात जे भक्ष्य होतं त्याचं परिमाण कोणी धरलं नव्हतं. आणि ते ताट वाढणारी बाई स्वतःला मोजायची राहूनच गेली होती. उद्या चपात्या लाटताना घरच्यांच्या चपात्या मोजाल, तेव्हा एक नजर आपल्याही ताटाकडे असू द्या.

जय जिनेंद्र.